डांबर संपतं तिथून

भरमाणीमामा मन्नोळकर चौतीस वर्षं रोलरवर होते.
बिजगर्णी, बेळगुंदी, किणये,
आज ज्यावरनं आपण गुळगुळीत जातो
ते सगळं त्यांच्या लोखंडी चाकाखालनं गेलंय.
आता गुडघा वाजतो, पेन्शन येते,
आणि रविवारी पहाटे मामा
डांबर नसलेले रस्ते हुडकतात.

माझी सायकल भावाची, जाड टायरची, हप्ते अजून चालू.
त्यांची चोवीस इंची, काळी, घंटी काढून टाकलेली.
"वाजवायची कुणासाठी, सांग की."

नकाशा त्यांनीच काढलाय,
लाइटबिलाच्या पाठीमागं, सुताराच्या पेन्सिलीनं.
डांबराला रेघ. मुरमाला टिंबं.
जिथं रेघ तुटते तिथं बारीक अक्षरात कारण:
हितं पैसे संपले.
हितं कंत्राटदार पळाला.
हितं इलेक्शन झालं, मग कोण येतंय.

डिसेंबर आहे. वडगावचे माग अजून निजलेत.
शहर मागं पडेपर्यंत आम्ही बोलत नाही.
आणि मग पुढचं चाक एक हिसका खातं,
खाली चिरमुरे फुटल्यासारखा आवाज सुरू होतो,
हँडलमधनं मनगटात, मनगटातनं दातात.
मामा मान तिरकी करून ऐकतात
जसा एखादा म्हातारा गवंडी
भिंतीवर टिचकी मारून ऐकतो.
"दोन इंची खडी. वर मुरूम. पाणी कमी मारलंय."

दोन्ही बाजूला काजू. धुकं गुडघ्याइतकं.
कापलेल्या भाताचे बुडखे, त्यांत बगळे,
आमच्याकडे बघून न उडणारे.
तासभर एक मोटार नाही. एक हॉर्न नाही.
मला माझाच श्वास ऐकू येतो,
आणि तो माझ्या वयाचा वाटत नाही.

रताळी काढणारी एक बाई कमरेवर हात ठेवून उठते.
"कुठं गं बायांनो... अगं, बाप्या हाय की एक. कुठं चाललासा?"
"कुठंच नाही, मावशी."
"मग लवकर पोचशिला,"
असं म्हणून ती चार रताळी पुढ्यात टाकते,
माती न झाडता.

राकसकोपचं पाणी डाव्या हाताला येतं, जातं.
तुडयेच्या अलीकडं मामा ब्रेक लावतात.
इथं कर्नाटकाचं डांबर
बिस्किटाच्या तुटलेल्या कडेसारखं थांबलंय.
पलीकडं, वळणापाशी, महाराष्ट्राचं सुरू होतं.
मधली दोनशे पावलं कुणीच केली नाहीत.
"ह्या टोकाला मी थांबलो होतो," मामा म्हणतात,
"त्या टोकाला त्यांचा रोलरवाला.
धोंडीबा का कोण. हात केला त्यानं.
मी पण केला. तंबाखू खाल्ली.
मग दोघंबी रिव्हर्स."

त्या दोनशे पावलांत गवत मधोमध वाढलंय,
दोन्ही चाकोऱ्या लाल, घट्ट, पावसानं घोटलेल्या.
आम्ही सावकाश जातो.
वळतो. परत येतो.
परत जातो.
जिल्ह्यातला सगळ्यात चांगला रस्ता आहे हा,
आणि हे चौतीस वर्षं रस्ते करणारा माणूस म्हणतोय.

तिसऱ्या फेरीला मला चुना दिसतो.
कडेनं पांढरी ओळ, ताजी,
आणि दर दहा पावलांवर लाल टोकाची खुंटी.
मी काही बोलत नाही.
मामांनी ते आधीच पाहिलंय,
बहुतेक पहिल्याच फेरीला.

एक खुंटी गुरानं लोळवलेली.
मामा सायकल काजूला टेकतात,
खाली बसताना गुडघा वाजतो,
एक डोळा मिटून ओळ बघतात,
खुंटी उपटतात. मला वाटतं आता फेकणार.
दगडानं ठोकून ती सरळ बसवतात.
चार बोटं डावीकडं, जिथं असायला पाहिजे तिथं.

हात पँटीला पुसून म्हणतात,
"वाकडी ओळ बघवत नाही."
मग, जरा थांबून,
"रताळी भाजूया की.
काटक्या बघ तिकडं.
घाई नाही. मार्चशिवाय बिलं निघत नाहीत."