नखातली शाई

तांबट आळीत बोलायचं तर ओरडूनच.
म्हणून तर केरूअण्णांनी मशीन तिथे ठेवलं,
मागल्या खोलीत, कोळशाच्या पोत्यांआड.
पुढे आठ हातोड्या हंड्यांवर,
आत एक दांडा, फिरणारा.
ठोका पडला की फिरवायचा.
ठोका थांबला की थांबायचं.
त्रेचाळीस साल. मी चौदाचा.
मला वाटायचं, स्वातंत्र्य म्हणजे
ताल न चुकणं.

सरकारवाड्यावरून हवालदार यायचा,
कानात बोटं घालून जायचा.

मार्चात देवळालीहून टांगा आला.
उतरली एक मडम, खाकी कोट,
बटणांवर सरकारी मुकुट.
अख्खी आळी गप्प झाली
आणि आत मशीन दोन फेरे
एकटंच वाजलं.

तिने ऐकलं.
ते तिच्या मानेवरून कळलं.
मग हातातली तांब्याची किटली
तिने ऐरणीवर आपटली, एकदा, दोनदा,
"कल्हई," म्हणाली, "कल्हई, कल्हई,"
इतक्या मोठ्यांदा, की अण्णांची हातोडी
आपसूक वर गेली.

पैसे ठरवताना तिने माझा पंजा धरला.
नखांत शाई.
परातीत भांडी घासायची चिंच होती,
तिचा गोळा उचलून
एकेक नख चोळत बसली.
आई न्हाऊ घालते तशी नाही.
बंदूक पुसतात तशी.

टांगेवाला रहमतुल्ला सांगत होता:
पोलंडची आहे. कागद वाटले म्हणून
रशियनांनी बर्फात नेऊन टाकली,
तिथून इराण, तिथून इकडे, इस्पितळात पट्ट्या बांधायला.
भाऊ वॉर्सात राहिला, जर्मनांच्या नाकाखाली,
तळघरात छापतो.
छापतो की छापायचा,
तिलाही ठाऊक नाही.

म्हणजे तिचे शत्रू दोन, आमचा एक,
आणि आमचा तिला पगार देत होता.
हे गणित मी पाटीवर मांडून पाहिलं.
पुसलं.

त्याच रात्री अण्णांनी मशीन हलवलं,
सुटं करून, दोन हंड्यांत, वर कोंड्याचं पोतं, भद्रकालीला.
मी रडकुंडीला आलो. अण्णा, ती चांगली आहे.
"असेल ना. चांगली माणसंही
मारलं की बोलतात."

आज वाटतं, हे ऐकून
तिने मान डोलावली असती.

गुरुवारी किटली न्यायची होती.
तो गुरुवार गेला. पुढचाही.
दुसऱ्या वर्षी, दिवाळीच्या तोंडावर,
पेपराच्या तळाशी चार ओळी आल्या:
वॉर्सा पडलं. घरं जाळताहेत, एकेक करून.
अण्णांनी वाचलं, घडी केली,
फळीवरून किटली काढली
आणि झकास असलेल्या कल्हईवर
पुन्हा कल्हई चढवली.
नवसागराचा धूर झाला. आळीत धुराला
कोणी काही विचारत नाही.

हातोड्या आता तीनच उरल्यात.
किटली आहे. कानाला सुतळीनं बांधलेली चिठ्ठी,
अण्णांचं अक्षर:
मडम, देवळाली.
बारा आणे येणे.