कानामागची जागा

टायरच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर,
डॉक्टर उयोआ माझा चेहरा भिंगाखाली धरते
आणि विचारते, "बोटीवर उभ्या कुठे राहता?"

एकतीस वर्षं.
पुंता अरेनासहून पोर्वेनीर, पोर्वेनीरहून पुंता अरेनास.
दोर फेकायचा, दोर ओढायचा, ट्रक मोजायचे.
वारा कायमचा पश्चिमेचा :
जाताना पाठीवर थाप मारतो,
येताना थोबाडीत.
आणि सूर्य? तो आमच्याकडे उत्तरेनं जातो,
म्हणजे परतीला उजव्या गालावर.
"दिसतंच आहे," ती म्हणते.

वरचं आभाळ विरलंय म्हणे,
कोपरावर विरलेल्या स्वेटरसारखं.
शाळेपाशी खांबावर दिवा लावलाय उन्हाचा,
हिरवा, पिवळा, लाल, आणि जांभळा झाला
की पोरं आत.
आमच्या वेळी खांब नव्हता.
आम्ही नुसते बाहेर होतो.

मी इथे का आले ते सांगत नाही.
बँकेतला तो कोवळा पोरगा
सही घेताना जरासा पुढे वाकतो,
माझा श्वास हुंगतो.
नाक लाल, गाल लाल, म्हणजे बाई पिते.
मी, नेवेन्का मार्टिनिच,
नाताळातही सफरचंदाचा रस पिणारी.

तर उजेडानं केलेलं उजेडच निस्तरणार.
काट्यानं काटा.
पण कुठला काटा?

एक आहे लखलखाट, सगळ्या रंगांचा मिळून,
गालभर मूठ पेरल्यासारखा.
तपकिरी ठिपके आधी काळे पडतात, कॉफीच्या चोथ्यागत,
मग उशीवर गळतात.
चार खेपा. पैसे : छपराचे निम्मे पत्रे.

दुसरा लेझर. एकच रंग, एकच हट्ट,
फक्त लाल नस शोधतो.
आठवडाभर गाल जांभळा.
कप्तान स्लाव्को विचारेल, कुणी मारलं?
वाऱ्यानं, सांगेन,
निकाल उशिरा लागला.

तिसरा मुखवटा, बारीक लाल दिव्यांचा,
रोज संध्याकाळी वीस मिनिटं.
पुसत काही नाही, नुसता शांतवतो.
मावसबहीण दानित्साकडे आहे;
तो लावून ती टीव्हीसमोर बसली
तेव्हा कुत्रा दोन दिवस पलंगाखाली.
भिजत घोंगडं, पण स्वस्त.

मी विचारते, तुम्ही काय घ्याल?
डॉक्टर म्हणते, मी बोटीवर नसते.
आणि मग भिंग थांबतं.
नाकपुडीच्या उजवीकडे, मसुराएवढं काही,
जे मी दरवर्षी फुटलेली कातडी समजून
मेंढीच्या चरबीनं चोळत आले.

"यावर कुठलाच उजेड नाही," ती म्हणते,
"आधी तुकडा काढून पाहू."
आवाज तोच, छपराच्या पत्र्यांचा भाव सांगतानाचा.
मी तिचे बूट बघते. एकाची नाडी सुटलीय.

तरी आलेच आहे तर कानामागे चाचणी घे, मी म्हणते.
डोळ्यांवर धातूच्या वाट्या. गार मलम.
फट.
रबर ताणून सोडावं तसं,
आणि मिटल्या पापण्यांच्या आत
सामुद्रधुनीवरचा दिवा एकदाच फिरला.
कानामागून आला नि तिखट झाला.

तीन टाके. पावतीवर तारीख : एकवीस जून,
वर्षातला सर्वांत तोकडा दिवस.
तोवर ऊन कमी, तोवर ठरवा.
त्याआधी सान्तियागोहून पाकीट यायचंय.
पाकीट आधी, मग लखलखाट, मग लेझर,
की काहीच नाही.

पंधरा दिवसांनी कानामागे
शंभर पेसोच्या नाण्याएवढी जागा
फिकी झाली.
आरसा उलटा धरून बघितली.
कोण ही?
विशीतली असावी.
तिला ओळख द्यायला मी घाई केली नाही.

आज परतीला मी डावीकडे उभी राहिले,
केबिनच्या सावलीत.
दोर उलट्या हातानं फेकावा लागला.
पहिला पाण्यात.
धक्क्यावरचा पोरगा हसला.
दुसरा खुंट्याला बसला.