आकसणीची पट्टी

आमच्या दारात खरी कुंडी एकच,
तीही तडकलेली, तारेनं आवळलेली.
बाकी सगळं कशाचं तरी काहीतरी.

वॉशिंग मशीनचा ड्रम, पुरात चार दिवस बुडालेला,
भोकं त्याला आधीचीच. पाणी साठत नाही,
त्यात वांगी.
फ्रिजमधला भाजीचा ट्रे:
पूर्वी यात कोथिंबीर कुजायची, आता उगवते.
उद्यमनगरातलं पिवळं हेल्मेट
उलटं टांगलंय मेथीसाठी.
तेलाच्या डब्यात मिरची.
डब्यावरचं सूर्यफूल अजून पुसलेलं नाही.
आणि सगळ्यांच्या बुडाशी कारखान्याची मळी,
पहिले आठ दिवस गल्ली नाक धरून गेली.

हे चौतीस वर्षं फाउंड्रीत पॅटर्नमेकर.
सागवानात पंपांची पोटं कोरायचे,
प्रत्येक माप जरासं वाढवून,
कारण लोखंड थंड होताना आकसतं.
त्यासाठी वेगळी पट्टी असते पोलादी,
तिचा इंचच मुळात थोडा मोठा.
निवृत्तीला घड्याळ मिळालं, ते बंद पडलं.
पट्टी यांनी खिशातून आणली होती, ती चालू आहे.

रोज चहाआधी
उकिडवे बसून हे वांगं मोजतात, दोडका मोजतात,
जुन्या जॉबकार्डाच्या पाठीवर लिहितात.
मी म्हटलं, अहो, या पट्टीनं सगळं कमीच भरणार,
दोडका काय थंड होऊन आकसायचा नाही.
म्हणाले, "तव्यात आकसतोय की."

संध्याकाळी मुजावरांची यास्मिन:
"काकू, दोन वांगी न्यायला आलो हुतो."
देठ पिळून तोडते, यांचा जीव वरखाली.
"कात्री हाय की गं तिथं!"
कात्रीला तिनं आजवर हात लावलेला नाही.

भिंतीवर पुराची रेघ अजून आहे,
माझ्या गळ्याशी, यांच्या छातीशी.
गल्लीनं सगळ्या भिंती रंगवल्या, आम्ही नाही.
तेव्हा पैसे नव्हते हे खरं,
नंतर होते, तरी नाही.
सायकलच्या दोन रिमांवरून
घेवडा त्या रेघेकडे निघालाय.
गेल्या सोमवारी नऊ इंच राहिले होते,
परवा चार,
पट्टीच्या हिशोबानं. म्हणजे खरे थोडे जास्तच.

आज उठून बघते तर वेल रेघेच्या वर,
कोंब हवेत, कशाला धरावं ते चाचपत.
जॉबकार्डावर तारीख लिहिलेली, पुढं कोरं.
हे स्टुलावर चढून वरती खिळा ठोकत होते,
पट्टी दातांत धरून,
त्यामुळे काही विचारता आलं नाही.

मी खालच्या शेंगा तोडल्या.
ओंजळभर. तव्यात निम्म्या होतील.