रजिस्टर

रजिस्टर म्हटलं की आण्णांना
मार्केट यार्डातली वही दिसते, लाल कापडी पुठ्ठ्याची.
चौतीस वर्षं तोलाई:
पोत्याचं वजन, गाळा नंबर, हमालाचा अंगठा,
आणि नखांत बसलेली हळद.

माझं रजिस्टर बत्तीस बिटांचं.
विश्रामबागेत, वरच्या खोलीत, रात्री दीडला
मी त्यात काही लिहीत नसते खरं तर.
नुसतं सांगून ठेवते
की ठोका पडला की कुणाचं कुणाकडं जायचं.

आण्णा दूध घेऊन वर आले.
पडद्यावर हिरव्या, चौकोनी लाटा
आणि सुरुवातीला सगळीकडं लाल फुल्या.
“एवढं चुकलं?”
चुकलं नाही. माहीत नाही, असा त्याचा अर्थ.
रिसेट येईपर्यंत कुणाच्या पोटात काय, सांगता येत नाही.
“म्हणजे हरिपूरचं पेव की.
तोंड लिंपलं, की उघडल्याशिवाय
मालकालाबी कळत नाही.”

मग त्यांना अदलाबदल दाखवली.
ह्यातलं त्यात, त्यातलं ह्यात, एकाच ठोक्याला.
“आणि तिसरं भांडं?”
लागत नाही.
ठोका पडताना दोघंही एकमेकांचं जुनंच बघतात,
मग दोघंही एकदम बदलतात.

बराच वेळ गप्प. दुधावर साय धरली.
“सौद्यात असंच,” म्हणाले.
“रुमालाखाली दोन हात. वर तोंडं कोरी.
रुमाल निघाला, की माल त्याचा, पैसा ह्याचा.
मधे कुणाचाच नाही, असा वेळच नाही.
फक्त रुमाल निघायच्या जरा आधी
आणि जरा नंतर
बोट हलवायचं नाही. हललं, की भाव अर्धा लटकला.”
मी खुर्ची वळवली.
हे मला शिकायला दोन सेमिस्टर लागली होती.

चष्मा कपाळावर, बोट पडद्यावर,
ओळीनं खाली येत, वही ताळ्याला लावावी तसे
ते सतराव्या ओळीवर थांबले.
“सगळ्यांच्या फुल्या गेल्या. ह्याची का नाही?”

तीन दिवस मी बेरजेत चूक शोधत होते.
रिसेटच्या यादीत ह्या एकाचं नावच नव्हतं.

एक ओळ. पुन्हा चालवलं.
फुलीच्या जागी शून्य.

“आता बरोबर,” आण्णा पेला उचलत म्हणाले,
“काटा आधी शून्यावर. मग पोतं.”
आणि दूध परत तापवायला खाली गेले.