हौद

बाकं नेली, घंटा नेली, बाजाची पेटी नेली,
शांतवनच्या छोट्या हत्तीतून, तीन खेपांत.
जालन्याचा तो रस्ता रुंद व्हायचा होता,
भिंतीवर नगरपालिकेची तांबडी फुली.

हौद तेवढा नेता आला नाही.

व्यासपीठाच्या फळ्या उचलल्या की
खाली सात पायऱ्या, शहाबादी फरशी.
बहात्तरला त्यात मिलोची पोती होती,
कोण कुठल्या गल्लीतलं, न विचारता मापून दिली.
त्या वर्षीच्या पानावर आजोबांचं अक्षर:
‘बाप्तिस्मे नाहीत. पाणी नाही.’

आता तिथून एस. टी. जाते.
एका जागी डांबर खचतं, दर पावसाळ्यात,
ड्रायव्हर शिव्या घालतात.
आम्ही आत बसलेलो असलो तर
खिडकीबाहेर बघतो.

नवी जागा सळयांच्या कारखान्यांपलीकडे.
पत्रे तापतात. प्रार्थनेत मध्येच भोंगा होतो
आणि पाळक थांबतात, भोंग्याचं आमेन होईपर्यंत.

परवा मार्थाबाई निकाळजेंची नात
निळ्या प्लास्टिकच्या टाकीत उतरली.
टँकरचं पाणी, वर्गणी काढून.
‘आणखी वाक बाळ,’ पाळक म्हणाले, ‘टाकी लहान आहे.’
सगळी बुडाली, एक कोपर वर राहिलं.
मार्थाबाई काठी टाकून पुढे आल्या
आणि दोन्ही हातांनी तेही दाबलं खाली.

नोंदवही आता माझ्याकडे असते.
ठिकाणाच्या रकान्यात मी अजून
जुनाच पत्ता लिहितो.
पाळक बघतात, सही करतात.