आगळ

आमच्या देशावर आगळ म्हणजे दाराचा आडणा.
म्हणून वेंगुर्ल्यात आले त्या पहिल्या आठवड्यात
पेडणेकर वहिनींनी कुंपणावरून विचारलं,
"पाळकीणबाई, आगळ होया काय?"
तेव्हा मी मागे वळून दाराकडे पाहिलं होतं.
त्या पोटभर हसल्या, आणि एक बाटली पुढे केली.
कोकमाचा रस. गडद लाल, तळाशी मीठ बसलेलं.

त्याला तीन वर्षं झाली.
रजिस्टरवर ह्यांच्या मंडळीची नावं सतरा,
बाकांवर नऊ, पाऊस जोराचा असला तर सहा,
त्यात एक मी.
पेटीच्या दोन पट्ट्या दमट हवेनं फुगून बसल्यात.
प्रत्येक गीतातला एक सूर आपला आपणच मनात धरायचा.
शीलवंत मास्तर त्या जागी नेमके गप्प होतात,
इतके नेमके, की तो ऐकू येतो.

आणि हन्नाबाई. खिडकीकडचा बाक.
तिचा दानीएल ट्रॉलरवर खलाशी होता.
कार्तिकात गेला. बोट परत आली, तो नाही.
प्रेत नाही, म्हणून पेटी नाही, माती नाही,
वर्षश्राद्धासारखं काही आपल्यात असतं
तर त्याला तारीखही नाही.
हे तिच्या घरी अठरा वेळा जाऊन आले. वहीत लिहिलंय.
अठरा प्रार्थना, अठरा कप चहा.
ती सुरमईचा भाव सांगते, कौलं गळतात ते सांगते.
आमेन मात्र म्हणत नाही.

श्रावणातला पहिला रविवार प्रभुभोजनाचा.
द्राक्षरस कोल्हापूरहून एसटीनं येतो;
शनिवारी आंबोलीला दरड आली.
स्टँडवर कंडक्टरनं नुसते हात हलवले.
ह्यांनी प्रवचनातून मान वर न काढता सांगितलं,
"कोकमाचं सरबत कर. रंग तरी जमेल."
वीज गेलेली. फडताळात दोन बाटल्या,
एक साखरेची, एक मिठाची,
दोन्ही वहिनींनीच दिलेल्या, दोन्हींना तेच निळं बूच.
मेणबत्तीच्या उजेडात सगळं लाल काळंच दिसतं.

सकाळी बोटाएवढे काचेचे पेले फिरले.
सगळ्यांनी एकदमच ओठांना लावले.
ह्यांचा आवाज एका शब्दावर अडला.
मास्तरांनी डोळे गच्च मिटले.
सुमित्रचा छोटा खोकला, त्याच्या आईनं पदर पुढे केला.
माझ्या जिभेवर समुद्र चढला,
आणि मला वाटलं, भुईनं आता मला पोटात घ्यावं.
पण कुणी काही बोललं नाही.
चर्चमध्ये माणसं इतकी सभ्य असतात
की कधी कधी भीती वाटते.

दाराशी हन्नाबाईनं माझा हात धरला.
"आज रगताची चव लागली गे," म्हणाली.
छत्री उघडली आणि चिखलातून चालू लागली.

घरी आल्यावर हे हसत सुटले, डोळ्यांत पाणी येईतो.
मग ते पाणी नुसतंच येत राहिलं.
"वरती कळवावं लागेल का गं?" त्यांनी विचारलं.
मी पेले धूत होते. मीठ लवकर सुटत नव्हतं.

दिवेलागणीला ती आली. आपण होऊन, पहिल्यांदाच.
कागदात सुके बांगडे.
पाटावर बसली, बराच वेळ पावसाकडे बघत.
"मीठ चोरून खायचो," म्हणाली. "माझो झील.
बरणीत बोट घालून. मी मारलंय त्येका त्यापायी."
पुढे खूप बोलली. कंदिलाची वात दोनदा वर केली.
हे प्रार्थना करायची विसरले.
ती गेल्यावर मध्यरात्री माझ्या लक्षात आलं,
दाराला आडणा लावायचा राहिलाय.
मी उठले नाही.

पुढच्या महिन्यात घाट उघडला.
द्राक्षरस आला, पावतीसकट, गोड.
हन्नाबाईनं पेला खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं,
शेजारणीच्या चहात साखर जास्त झाली
की पाहतात, तसं.