बाटल्यावाली

पहाटे पावणेचारला, उसाचा ट्रक यायच्या आत,
बाहो लेम्पातल्या दारांसमोर मी उभी असते
आणि धडधाकट बाप्यांकडे मुताची बाटली मागते.
लघवी म्हटलं तर हसतात.
मूत्र म्हटलं तर पाद्री आल्यासारखे गप्प होतात.
पोरं मात्र लांबूनच ओरडतात,
आली, आली, एर्मेलिंदा बाटल्यावाली!

दवाखान्याच्या डब्या फेब्रुवारीतच संपतात.
मग मुरंब्याच्या, लोणच्याच्या, खोकल्याच्या औषधाच्या,
उकळून उन्हात पालथ्या घातलेल्या.

नेरेओची निळ्या झाकणाची होती.
वय एकोणीस, कोयत्याची मूठ अजून पांढरी.
"मला काय झालंय? दुखत तर नाही कुठं."

हेच तर.
दात ठणकतो, पोट कळ काढतं,
काळीजसुद्धा धडधडून दाखवतं.
हे दोघे मुठीएवढे, कण्याच्या दोन अंगांना बसलेले,
निम्म्याहून जास्त संपले तरी
हूं नाही की चूं नाही.

सेल्सोही म्हणाला होता, दुखत नाही.
मग एका रविवारी त्याला सुपाचा वास सोसेना,
पाय बुटात जाईनात,
आणि शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी कागद
माझ्या हाती न देता टेबलावर पालथा ठेवला.
नऊ पूर्णांक दोन.
आकडा मला वाचता येत होता, कळत नव्हता.
मशीनपर्यंत तीन तासांची बस, आठवड्यातून दोनदा,
जाताना तो खिडकीशी, येताना माझ्या खांद्यावर.
चौदा महिने.
त्याचा झुला मी अजून सोडलेला नाही.
बाटल्यांची टोपली त्यातच ठेवते, उंदीर पोचत नाहीत.

पट्टी पिवळीच राहिली की लोक खूश होतात.
मी होत नाही. इकडचा आजार लबाड,
पट्टीच्या डोळ्यांत धूळ टाकून जातो.
म्हणून दंडातून रक्तही,
बर्फात गुंडाळून, दूधवाल्याच्या मोटरसायकलवर.

नेरेओ, एक पूर्णांक चार.
त्याची आई आदिलिया म्हणाली, "चारच ना? थोडंच आहे."
"थोडंच आहे," मी म्हटलं, "म्हणून तर आले.
जास्त झाल्यावर कुणीही येतं."

मग भांडणं.
मुकादम बोनेर्हेसशी, ताडपत्रीच्या सावलीसाठी,
पिंपातल्या पाण्यासाठी, तासाला दहा मिनिटांसाठी.
तो म्हणाला, ऊस वाट बघत नाही.
मी म्हटलं, मीही बघितली नव्हती, बघावी लागली.
चेंताबाईशी, कारण ती सुट्या लाल गोळ्या विकते
कंबरदुखीवर, थंड बाटलीबरोबर एक फुकट.
दोन महिने तिने मला मीठ दिलं नाही.
डॉक्टरांशी, ज्यांना तीन महिन्यांनी पुन्हा तपासा
हे माझ्या तोंडून ऐकायला आवडलं नाही.

सतरा दारं उघडलीच नाहीत.
त्यातली दोन आता कायमची बंद आहेत.
ते मी इथे लिहून ठेवते, पुढे काय लिहावं ते सुचत नाही.

तीन हंगाम झाले.
एक पूर्णांक चार. एक पूर्णांक तीन. एक पूर्णांक चार.
काही घडलं नाही.
न घडलेल्या गोष्टीला बँड लागत नाही,
मेणबत्ती लागत नाही, कुणी काळं नेसत नाही.
नेरेओ कुरकुरतो, ताडपत्रीखाली माश्या फार,
पाणी पिऊन पिऊन सारखं उठावं लागतं.
ऊठ म्हटलं, ऊठ बाबा.

परवा आदिलियाने निरोप न देता काही पाठवलं,
पायरीवर, फडक्यात बांधून.
होकोतेचा मुरंबा, तांबूस, काठोकाठ.
निळ्या झाकणाची बाटली.

फडक्यात चिठ्ठी होती, "उकळली आहे गं."
मी बराच वेळ झाकणाकडे बघत बसले.
मग चमचा आणला.